दोन सीझन

आमच्या घरात ‘सीझन’ या शब्दाचा एकच अर्थ होता, लग्नसराई. अब्बा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. तुळशीचं लग्न लागलं की त्यांचा सीझन सुरू व्हायचा आणि जूनमध्ये पावसाची चाहूल लागली की संपायचा. उरलेले चार-पाच महिने बँडचा लाल कोट पेटीत, क्लॅरिनेट कपाटावर, आणि अब्बा कुणाच्या तरी सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला. अम्मी कधी शाळेत गेली नव्हती, पण ‘ऑफ सीझन’ हा शब्द तिला पाठ होता. किराणावाल्याला ती तोच सांगायची.

आमच्या मोमिनपुऱ्यात ईदच्या चंद्रासाठी सगळेच आभाळाकडे बघायचे. गुरू आणि शुक्राची चौकशी करणारं घर मात्र बहुधा आमचं एकटंच असेल. भिंतीवर कालनिर्णय असायचं आणि नवीन वर्षाचं आलं की अब्बा आधी विवाहमुहूर्त मोजायचे. गुरूचा अस्त, शुक्राचा अस्त, अधिक महिना हे सगळं त्यांना तोंडपाठ. अस्त म्हणजे लग्नं नाहीत, लग्नं नाहीत म्हणजे सुपारी नाही. शुक्र मावळला की आमच्या घरची डाळ पातळ व्हायची. चार-पाच इयत्ता उर्दू शिकलेला माणूस पुढच्या वर्षी गुरू कधी उगवणार हे मास्टरला विचारून यायचा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पोट पंचांगावर चालत होतं, नमाज घड्याळावर.

अडचण व्हायची ती दोन कॅलेंडरं एकमेकांवर आदळली की. आपला हिजरी महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. सरकत सरकत १९८७ मध्ये रमजान मे महिन्यात आला. ऐन सीझन, नागपूरचं ऊन, आणि रोजा. मी तेरा वर्षांचा होतो. त्या सुट्टीत अब्बांबरोबर गॅसबत्त्यांची गाडी ढकलायला जायचो, म्हणून हे मी ऐकलेलं नाही, बघितलेलं आहे.

क्लॅरिनेटच्या तोंडाशी बोरूची पातळ पट्टी असते, रीड. अब्बा तिला पत्ती म्हणायचे. ती ओली असल्याशिवाय सूर लागत नाही. एरवी वाजवणारा ती जिभेवर धरून ओली करतो. रोज्यात अब्बा ती पाण्याच्या पेल्यात बुडवायचे, दोनदा झटकायचे, कोटाच्या बाहीला पुसायचे आणि मग तोंडात धरायचे. तेवढ्या ओलाव्याने रोजा तुटतो का, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर ‘तुटतो’ असं असतं तर महिनाभराची कमाई गेली असती.

त्यातही गोरज मुहूर्ताची लग्नं फार कठीण. गोरज म्हणजे दिवस मावळायची वेळ. म्हणजे इफ्तारची वेळ. तिकडे शेवटच्या मंगलाष्टकाचं ‘सावधान’ व्हायचं, अक्षता पडायच्या, मांडवातून कुणीतरी हात करायचा आणि त्याच क्षणी बँड वाजला पाहिजे. उशीर झाला तर मास्टरच्या पैशातून कापायचे. मगरीबची अजान कुठून तरी ऐकू यायची किंवा यायचीही नाही. अब्बांच्या कोटाच्या खिशात एक खजूर असायचा. ते आधी वाजवायचे. सगळा तुकडा पूर्ण वाजवायचे. मग वऱ्हाडाकडे पाठ करून खजूर तोंडात टाकायचे. त्या दिवसांत पावणेसात वाजले की माझी नजर आपोआप त्यांच्या खिशाकडे जायची.

त्यांनी वाजवणं सोडलं ते १९९६-९७ च्या सुमारास. का सोडलं, याची दोन उत्तरं आमच्या घरात आहेत. अम्मीचं उत्तर असं की डीजे आला, ट्रकवर भोंगे आले, बँडला कोण विचारतो. मोठ्या भावाचं उत्तर असं की एका जमातीबरोबर अब्बा चाळीस दिवस गेले, तिथे कुणीतरी सांगितलं की बाजाची कमाई बरकतीची नसते, आणि ते परत आले ते वेगळेच होऊन. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या. अब्बा स्वतः काही बोलले नाहीत. बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी क्लॅरिनेट विकली. त्या लग्नात बँड नव्हता.

हे सगळं आज लिहायला बसलो, कारण मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए नावाची संस्था आहे, तिथे एक ऑर्केस्ट्रा आहे, आणि त्यांचाही सीझन असतो.

सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये सुरू झाला. एनसीपीएचे खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालियेव्ह या दोघांनी तो उभा केला. एवढ्या मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाला लागणारे वादक आपल्याकडे पुरेसे नव्हते, म्हणून सुरुवातीला पुष्कळ जण कझाकस्तानातून आले. पुढे त्यांनी मुलांसाठी संगीतशाळा काढली, म्हणजे उद्याचे वादक इथलेच असावेत. वर्षातून साधारण दोन सीझन, एक फेब्रुवारीकडे आणि एक सप्टेंबरकडे. त्याच वादकांमधला एक लहान गट चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणून वेगळे कार्यक्रमही करतो. माझं मन अडकलंय ते या लहान गटात.

चेंबर म्हणजे खोली. मोठ्या सभागृहासाठी नव्हे तर दिवाणखान्यात मावेल एवढा वाद्यवृंद. मोठ्या सिंफनीत ऐंशी-शंभर वादक असतात, चेंबर ऑर्केस्ट्रात पंधरा ते चाळीस. गाभा तंतुवाद्यांचा: पहिली व्हायोलिनं, दुसरी व्हायोलिनं, व्हायोला, चेलो, आणि खाली जमीन धरून ठेवणारा डबल बेस. गरजेप्रमाणे दोन बासऱ्या, दोन हॉर्न वगैरे. शंभर जणांत एखाद्याचा सूर हलला तर झाकला जातो. इथे झाकायला कुणी नसतं. पुष्कळदा समोर काठी घेऊन उभा राहणारा कंडक्टरही नसतो. पहिला व्हायोलिनवादक वाजवता वाजवता मानेने, खांद्याने इशारा करतो आणि बाकीचे त्याच्या श्वासाबरोबर श्वास घेतात. मी हे पहिल्यांदा व्हिडिओत बघितलं तेव्हा हसूच आलं. आमचा बँड असाच चालायचा. वीसेक माणसं, मास्टर पुढे, तोंडात वाद्य, हात अडकलेले, आणि सगळा हुकूम भुवयांनी. चुकलेल्याला घोड्यासमोरच डोळे वटारून दाखवायचे.

आम्ही २०१४ साली हुडकेश्वरला आलो. लेआउटमध्ये प्लॉट, बँकेचं कर्ज, अर्धं बांधकाम. कालपरवापर्यंत इथे ग्रामपंचायत होती, शेतं होती. अब्बांना मोमिनपुरा सोडणं जड गेलं. शेजारी चांगले, पण ओळखीचे नाहीत. झोप यायची नाही त्यांना. मी कॉलेजच्या हिशेबाचं काम घरी घेऊन रात्री बसायचो, ते शेजारी बसून राहायचे. अशाच एका रात्री मी फोनवर मोझार्टचा क्लॅरिनेट कन्सर्टो लावला. १७९१ मधली रचना, त्याच्या मृत्यूच्या वर्षातली, अँटोन श्टाडलर या क्लॅरिनेटवादकासाठी लिहिलेली. मागे लहानसाच वाद्यवृंद आहे: तंतुवाद्यं, दोन बासऱ्या, दोन बसून, दोन हॉर्न. ट्रम्पेट नाही, नगारे नाहीत. मी लावलं ते अब्बांसाठी असं म्हणणं खोटं होईल. मला झोप येऊ नये म्हणून लावलं होतं.

दुसरा भाग संथ आहे. तो सुरू झाला आणि अब्बांनी फोन हातात घेतला, कानाला लावला. पुष्कळ वेळाने म्हणाले, “हा माणूस श्वास कुठे घेतोय?”

मला काय कळणार. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांना सापडलं. “इथे,” ते म्हणाले आणि बोट वर केलं. “चोरून घेतो.” मग म्हणाले, मागचे लोक चांगले आहेत, त्याला जागा देतात. आमच्यात ढोलवाला कुणाला जागा द्यायचा नाही.

एक गोष्ट त्या रात्री मला कळली, ती इतकी वर्षं त्यांच्या बाजूला राहून कळली नव्हती. सिनेमाची गाणी बँडवर वाजवताना मुखडा-अंतरा कुणीही वाजवेल, असं ते म्हणाले. मास्तरी असते ती मधल्या म्युझिकच्या तुकड्यांत. ते तुकडे मूळ रेकॉर्डवर व्हायोलिनांचे असायचे, आणि बँडमध्ये व्हायोलिन नसतं, म्हणून ते क्लॅरिनेटवर काढावे लागायचे. “मी जिंदगीभर व्हायोलिनच वाजवलं,” अब्बा म्हणाले.

हे अगदी खरं होतं आणि त्यामागचा इतिहास मी नंतर वाचला. मुंबईच्या स्टुडिओंत ती व्हायोलिनं वाजवणारे बहुतेक गोव्याचे ख्रिस्ती वादक. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसूझांची मांडणी असायची. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलालचे गुरू. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये त्यांचं नाव गाण्यातून घराघरात पोचलं, पण हा खरा माणूस आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. या गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून करवून घेतल्या होत्या. त्याही आधी, १९३५ मध्ये, झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहतांनी मुंबईत सिंफनी काढली, आणि बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा १९६२ पासूनचा. म्हणजे मोझार्टच्या घरातून निघालेला सूर चर्चच्या शाळेत, तिथून दादर-ताडदेवच्या स्टुडिओत, तिथून रेडिओवर, आणि रेडिओवरून कानाने उचलून अब्बांच्या क्लॅरिनेटमध्ये, विदर्भातल्या कुठल्या तरी गावच्या वरातीत. वाटेत कुणीच कुणाला ओळखत नव्हतं.

अब्बांनी विचारलं, हे समोर बसून कुठे ऐकायला मिळतं? मी म्हणालो, मुंबईत. त्यांचा सीझन असतो. ते खूप हसले. “त्यांचाही सीझन असतो? गुरूचा अस्त बघतात का?”

२०१५ च्या सप्टेंबरात त्या ऑर्केस्ट्राबरोबर झाकिर हुसैन यांचा ‘पेशकार’ व्हायचा होता. तबला आणि पूर्ण वाद्यवृंद यांच्यासाठी त्यांनी लिहिलेला कन्सर्टो, एनसीपीएनेच मागवलेला. माहीमचा मुलगा, अल्लारखांचा बेटा, आणि मागे साठ-सत्तर व्हायोलिनं-चेलो. पेशकार म्हणजे तबल्याच्या एकल वादनाची सुरुवात, जिथे वादक घाई न करता आपलं म्हणणं मांडायला घेतो. बातमी वाचून दाखवली तेव्हा अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “तिथे जाऊन बसलं तर गुनाह होईल का?”

मी चिडलो. इतकी वर्षं साठलेलं सगळं बाहेर आलं. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समाअवर अख्खं प्रकरण लिहिलंय, ऐकणाऱ्याची नियत काय यावर सगळं तोललंय, हे सांगितलं. अल-फाराबीने दहाव्या शतकात संगीतावर मोठा ग्रंथ लिहिला आणि तो ज्या फाराबचा, ते आजच्या कझाकस्तानात आहे, जिथून हे वादक आले, हेही सांगितलं. चिश्ती दर्गे, अमीर खुसरो, सगळे आणले. दहा मिनिटं बोललो. (आपल्यातल्या शिकलेल्या मुलांना ही सवय असते. वडिलांशी बोलताना आपण वडिलांशी बोलत नाही, त्यांना ज्याने काही सांगितलं त्या माणसाशी भांडत असतो.)

अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. “अच्छा,” म्हणाले. मग म्हणाले, “म्हणजे तू बरोबर येणार ना?”

त्यांना फतवा नको होता. आपण एकटे त्या दारातून आत जाऊ नये, एवढंच हवं होतं. मला हे कळायला वेळ लागला. त्या महिन्यात कॉलेजचं ऑडिट होतं, तीस सप्टेंबरची मुदत होती, घराचा हप्ता होता, बरसातीत त्यांचा दमा होता. मी म्हणालो, पुढच्या सीझनला जाऊ.

पुढच्या सीझनला स्लॅबचं काम निघालं. त्याच्या पुढच्याला मुलीची शाळा. अब्बा २०१८ मध्ये गेले. २०१९ मध्ये तो ऑर्केस्ट्रा ‘पेशकार’ घेऊन इंग्लंडला गेला, झाकिरभाईंसह. १५ डिसेंबर २०२४ ला झाकिरभाईही गेले.

नागपूरला सभागृहांची कमतरता नाही. सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांड्यांच्या नावाचं आहे. ते वसंतराव, ज्यांनी नागपुरात शंकरराव सप्रेंकडे शिकून पुढे लाहोरला असद अली खाँकडे आणि मुंबईत भेंडीबाजारच्या अमान अली खाँकडे गाणं घेतलं आणि नोकरी मात्र लष्कराच्या हिशेबखात्यात केली. मी हिशेबातला माणूस, मला याचा उगाच अभिमान वाटतो. आमच्या घरापासून जवळ, रेशीमबागेत, सुरेश भटांच्या नावाचं सुमारे दोन हजार खुर्च्यांचं सभागृह आहे. एनसीपीएचं जमशेद भाभा थिएटर अकराशे खुर्च्यांचं. जागा आमच्याकडे जास्त आहे, फक्त वाजवणारे तिकडे आहेत. पंधरा-वीस तंतुवादकांचा गट एका रेल्वेच्या डब्यात मावतो, तो कधी इकडे का येऊ नये, असं मनात येतं. कुणी बोलावणारा हवा.

वाजवणारे आमच्याकडे नाहीत असंही नाही म्हणा. मोहरमच्या सव्वीस तारखेला ताजुद्दीन बाबांचा उर्स असतो. उमरेड रोडने ताजबागकडे संदल निघतात. ढोल, नगारे, छातीत बसणारा ठेका. नागपूरचं संदल आता लग्नातही वाजतं, हिंदू-मुसलमान दोघांच्या. ठाकठीक वाजवतात पोरं, फार सुंदर वाजवतात. पण त्यात श्वास घ्यायला जागा नाही. यंदाच्या उर्साला मी रस्त्याकडेला उभा होतो तेव्हा अब्बांचं ढोलवाल्याबद्दलचं वाक्य आठवून एकटाच हसलो. शेजारच्याला वाटलं मी नाचायच्या बेतात आहे.

तर आता पुढचा सीझन. सप्टेंबरचा जमणार नाही, ऑडिट कुठे जात नाही. फेब्रुवारीचा जमवायचा ठरवलंय. कार्यक्रम जाहीर झाला की चेंबर ऑर्केस्ट्राची एखादी संध्याकाळ बघायची, क्लॅरिनेट असेल तर उत्तम, नसेल तरी चालेल. मुलगी आता नववीत आहे, तिने फोनवर आठवण लावून ठेवली आहे. बाल्कनीतलं तिकीट काढायचं. दुरांतोचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे डिसेंबरात बसावं लागेल. समृद्धीने गाडी करून जाऊ असं मेहुणा म्हणतो, पण त्याच्या गाडीत सातशे किलोमीटर त्याची आवड ऐकावी लागेल.

हे सगळं कागदावर मांडताना काल लक्षात आलं. २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतोय. म्हणजे सीझन आणि रोजे पुन्हा एकमेकांवर.

बायकोला सांगितलं तर तिने आधी तारखा नीट बघितल्या. मग म्हणाली, तरावीह बुडेल एक दिवस. मी म्हणालो, बुडेल. ती म्हणाली, प्रवासात तर रोजाही पुढे ढकलता येतो. मी म्हणालो, मला ठेवायचाय. त्यावर तिने काही विचारलं नाही. आमच्या घरात मे महिन्यातल्या त्या रोज्यांची गोष्ट तिला माहीत आहे.

मी हिशेब करून बघितला. फेब्रुवारीच्या मध्याला नागपुरात सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो. मुंबई पश्चिमेला, तिथे रोजा साधारण पंचवीस मिनिटं उशिरा सुटतो, सहा चाळीसच्या आसपास. कार्यक्रम सातला असेल तर वीस मिनिटं हातात राहतात. बाहेर समुद्राकडे तोंड करून रोजा सोडायचा, वजूचं बघायचं, कुठे तरी कोपऱ्यात मगरीब पढायची आणि दारं बंद व्हायच्या आत खुर्चीत. घाई होईल, पण आधी वाजवून मग खजूर खाण्यापेक्षा कमीच.

“खजूर मी डब्यात देते,” बायको म्हणाली. “दोघांसाठी देते, पोरीला भूक आवरत नाही. पण आत डबा नेऊ देतात का, ते फोन करून विचारून ठेवा.”